लॅपटॉपच्या जॅकमधून चिरचिर येते: डीटी ७७० प्रो (८० ओहम) साठी टेबलावरचा डॅक घ्यावा का?

खंजिरी_आर्वी

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या (जि. वर्धा) एका खेड्यातून विचारतो आहे. गावच्या भजन मंडळाच्या रेकॉर्डिंगचं एडिटिंग करून राहिलो. खंजिरी, पेटी, तबला आणि आठ-दहा गळे. रेकॉर्डिंग हातातल्या रेकॉर्डरवर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एडिटिंग विंडोज ११ च्या साध्या लॅपटॉपवर, रीपर या सॉफ्टवेअरमधी, हेडफोन बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ८० ओहमवाला.

अडचणी चार आहेत. माऊस हलवला की नाही तर मोठी फाइल उघडली की हेडफोनमधी चिर्रर्र आवाज येते, दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत तर फारच. दुसरी, लॅपटॉप मंडळाच्या मिक्सरला जोडला की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू होते. तिसरी, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली भजनं फुल व्हॉल्यूमलाही हळू वाटतात. चौथी, खंजिरीच्या चकत्या हेडफोनवर टोचतात. मी त्या कमी करतो अन् मग मोबाइलवर तेच भजन मंद, निर्जीव वाटते.

एका दुकानातून चौदा हजारांचा टेबलावरचा डॅक-अँप (लॅपटॉपचा डिजिटल आवाज अॅनालॉग करून हेडफोनला ताकद देणारा डबा) सुचवला आहे. त्यानं हे सारं जाईल अन् आवाज "उघडेल" असं सांगतात. घरची वीज संध्याकाळी १८० पर्यंत उतरते, इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, उन्हाळ्यात खोलीत कूलर असतो. चौदा हजार ही आमच्यासाठी लहान रक्कम नाही. घ्यावा का, घेतला तर कसा बसवावा, तेवढं नेमकं सांगा.

तारजोड्या

भाऊ, तुमच्या पहिल्या दोन अडचणी एकसारख्या वाटतात, पण त्यायचं मूळ वेगवेगळं आहे. ते आधी वेगळं करा, नाही तर पैसा चुकीच्या जागी जाईल.

नुसता हेडफोन लावला असताना माऊसबरोबर चिरचिर येते, म्हणजे खराबी लॅपटॉपच्या पोटात आहे. प्रोसेसरला वीज पुरवणारे स्विचिंग सर्किट आणि साउंडची चिप एकाच ग्राउंडवर बसलेल्या असतात. प्रोसेसरचा करंट खालीवर झाला की ते ग्राउंड हलते अन् तेच कानात येते. तिथं बाहेरचा डॅक खरोखर काम करतो, कारण अॅनालॉगचं काम लॅपटॉपच्या बाहेर जाते आणि डॅकच्या आत वीज पुन्हा गाळली जाते. त्यासाठी चौदा हजारांचाच लागतो असं मात्र नाही.

मिक्सरची घूं निराळी. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डात, मिक्सर-अँप दुसऱ्या बोर्डात, आणि मधात ऑक्स केबलची जाळी (तारेभोवतीचं धातूचं वेष्टन, ते ग्राउंडला जोडलेलं असते). दोन्हीकडचं अर्थ थोड्या वेगळ्या व्होल्टेजवर असलं की केबलच्या जाळीतून करंट वाहते आणि ५० हर्ट्झ अन् त्याच्या पटीतला आवाज स्पीकरमधून निघतो. डॅक घेऊनही ही घूं जशीच्या तशी राहू शकते, कारण यूएसबीची जाळीसुद्धा लॅपटॉपच्याच ग्राउंडला जोडलेली असते.

आता तपासणी. मिक्सर जोडलेला असताना चार्जर बोर्डातून काढा. घूं गेली तर हा ग्राउंडचा लूप (दोन अर्थांमधला फेरा) पक्का. मग नुसता हेडफोन लावून चार्जरसह अन् चार्जरशिवाय माऊस फिरवून पाहा. दोन्ही वेळा सारखीच चिरचिर असेल तर ती लॅपटॉपच्या आतली. चार्जर काढल्यावर ती कमी झाली तर चार्जरचाही वाटा आहे, अन् दोन पिनी स्वस्तातला डुप्लिकेट चार्जर असेल तर तो पहिला बदला.

त्यानंतर अर्थिंग. मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा, आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत असलेलं बरं. पण डिजिटल मीटर फसवते. अर्थची तार कुठं तुटलेली असली तरी बाजूच्या तारांमुळे काही ना काही आकडा दाखवते. खरी परीक्षा लोड देऊनच होते. ती वायरमनकडून करवून घ्या, स्वतः फेज आणि अर्थमधी बल्ब लावायला जाऊ नका.

आपल्याकडे काळ्या मातीचा एक त्रास आहे. पावसाळ्यात ती फुगते, एप्रिल-मेमधी भेगाळते, आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती पाइपाला सोडून देते. दिवाळीत चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतंच उरते. आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे पाइप किमान अडीच मीटर खोल पाहिजे. कित्येक घरी दोन-तीन फुटांची सळई ठोकून काम भागवलेलं असते. भोवती कोळसा-मिठाचा थर भरा आणि उन्हाळ्यात दर आठ दिवसाला बादलीभर पाणी ओता. यात डॅकच्या किमतीचा लहानसा भाग जाते, पण शॉकपासून जीव वाचवण्याचं कामही तेच करते.

आणखी एक. घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढण्याचा सल्ला कोणी देईल. ते कधीही करू नका. मंडळाचा गायक हातात लोखंडी माइक घेऊन ओल्या जमिनीवर उभा असतो.

मोजमाप

तारजोड्यांशी पूर्ण सहमत. तिसऱ्या अडचणीचा, म्हणजे "हळू वाटतं" याचा हिशेब मी मांडतो. डॅक-अँपची किंमत ठरवायची असेल तर हा हिशेब आधी करावा. जाहिरातीतले वॅट त्यानंतर वाचावेत.

डीटी ७७० प्रोची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल. ८० ओहमला १ व्होल्ट दिला की १२.५ मिलिवॅट जातात, म्हणजे ११ डेसिबलची भर. थोडक्यात १ व्होल्टला १०७ डेसिबल. इतर हेडफोनसाठीही हीच रीत: १००० भागिले ओहम, त्याचा लॉगरिदम गुणिले १०, आणि तो आकडा मिलिवॅटच्या संवेदनशीलतेत मिळवायचा. २५० ओहमच्या डीटी ९९० प्रोला (तोही ९६) फक्त ६ डेसिबल मिळतात, म्हणून तो १ व्होल्टला १०२ वर थांबतो.

भजनाची सरासरी पातळी कानाशी ८० डेसिबल धरली आणि खंजिरीची थाप त्याच्यावर २० डेसिबल उसळते असं मानलं, तरी शिखर १०० चं. थोडी ढील ठेवून ११० धरू. तुमच्या हेडफोनला ११० साठी १.४ व्होल्ट, म्हणजे फक्त २५ मिलिवॅट लागतात. खोक्यावर "१५०० मिलिवॅट" लिहिलेलं असलं तरी त्यातलं तुम्ही वापरणार एवढंच. आणि सरासरी ८० च्या वर रोजचं काम करूच नये. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे.

आता तुमचा लॅपटॉप किती देतो ते मोजा. ऑडॅसिटीत (मोफत ऑडिओ सॉफ्टवेअर) जनरेट, टोन, साइन, १०० हर्ट्झ, अॅम्प्लिट्यूड १. विंडोजचा व्हॉल्यूम १००, एन्हान्समेंट बंद. जुनी ऑक्स केबल कापून टोकाची आणि जाळीची तार शोधा. रंगांवर विश्वास ठेवू नका, मीटरच्या बझरनं खात्री करा. एसी व्होल्ट मोजा. मग त्याच दोन तारांत ३३ ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर जोडून परत मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा, त्यातून १ वजा करा, ३३ नं गुणा. हा जॅकचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा आतला अडथळा. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाच्या आत असावा. तुमच्या बाबतीत १० च्या आत.

मीटर बघून घ्या. पिवळा डीटी-८३०डी एसीमध्ये २०० आणि ७५० एवढ्याच रेंज देतो, त्यावर १ व्होल्टच्या आतला आकडा निरुपयोगी. एसी २ व्होल्टची रेंज असलेला, म्हणजे डीटी-९२०५ सारखा, पाहिजे. आणि टोन १०० हर्ट्झचाच ठेवा, हे स्वस्त मीटर ४०० च्या वर भरवशाचे राहत नाहीत. मोजताना हेडफोन कानावर तर नकोच, जोडलेलाही नको.

खंजिरी_आर्वी

धन्यवाद. तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मीटर आणि रेझिस्टर आणला. निकाल असा. रेझिस्टरशिवाय ०.९२ व्होल्ट, ३३ ओहमवर ०.७१. चार्जर काढल्यावर मिक्सरची घूं पूर्ण जाते. हेडफोनमधली चिरचिर चार्जर असो-नसो, तेवढीच. न्यूट्रल-अर्थ १४ व्होल्ट आलं, वायरमनभाऊ रविवारी येऊन राहिले.

मोजमाप

०.९२ भागिले ०.७१ म्हणजे १.२९६. वजा १, गुणिले ३३, म्हणजे ९.८ ओहम. काठावर आहे, पण ८० ओहमच्या हेडफोनला चालून जातं. हेडफोन लावल्यावर प्रत्यक्षात ०.८२ व्होल्ट पोचतात, म्हणजे शिखर १०५ डेसिबल. तुमच्या कामाला हे पुरेसं आहे. ताकदीची तूट नाही.

मग कॅसेटची भजनं हळू का? कारण फाइलच हळू आहे. कॅसेटवरून उतरवताना पातळी खाली ठेवली असेल तर शिखर उणे १८ डेसिबलवर (० म्हणजे फाइलची कमाल पातळी) अडकलेलं असतं. अँप वाढवून ते भरून काढायचं नसतं, फाइलमध्येच वाढवायचं असतं. आधी कॅसेटची सळसळ कमी करा, मग शिखर उणे १ वर आणा. १७ डेसिबल फुकटात मिळाले. अँप वाढवून ऐकलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि मंडळींच्या मोबाइलवर ते भजन तसंच हळू राहिलं असतं.

खंजिरीचं टोचणं हा या हेडफोनचा स्वभाव आहे. डीटी ७७० ला ८ ते ९ किलोहर्ट्झच्या आसपास उठाव आहे आणि चकत्यांची झणझण नेमकी त्याच भागात जोरात असते. डॅक बदलून तो उठाव जात नाही, डॅकची रेषा तिथं आधीच सपाट असते. इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर टाका, ८५०० हर्ट्झला उणे ४ डेसिबल, क्यू (फिल्टर किती अरुंद ते) ३, असा एक फिल्टर लावा आणि ओळखीच्या रेकॉर्डिंगवर ऐकून एक-दीड डेसिबल इकडेतिकडे करा. खर्जात हा हेडफोन थोडा फुगीर आहे, तिथं १०० हर्ट्झखाली उणे २ चा शेल्फ (त्याखालचा सगळा पट्टा उतरवणारा फिल्टर) पुरतो. कोणताही फिल्टर अधिक चिन्हाचा लावलात तर प्रीअँप (एपीओतली एकूण पातळी) तेवढाच उणे करा, नाही तर शिखरं कापली जातील. लक्षात ठेवा, हा इक्वलायझर ऐकण्यासाठी आहे, भजनाच्या फाइलवर लावायचा नाही. रीपर जर अॅसिओ किंवा एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये (विंडोजचा मिक्सर टाळून थेट उपकरणाशी) असेल तर एपीओ त्याला लागूच होत नाही. तिथं रीपरच्या मॉनिटरिंग एफएक्समध्ये तेच आकडे भरा.

राहिली चिरचिर. तिला हजार रुपयांच्या आसपासचा टाइप-सी डोंगल (छोट्या केबलमध्येच बसवलेला डॅक) पुरतो. अॅपलचा डोंगल विंडोजवर १ व्होल्ट देतो आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहमच्या आत आहे. २४ बिट ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जातो, तुमचं कामही तेवढंच आहे. आवाज जेमतेम दोन डेसिबलनं वाढेल, त्यासाठी घेऊ नका. घ्यायचा तो शांततेसाठी. अँड्रॉइड फोनवर मात्र हाच डोंगल बऱ्याच अॅपमध्ये अर्ध्या ताकदीवर अडकतो, म्हणून फोनवर लावून "बेकार आहे" असा निकाल देऊ नका. लॅपटॉपला टाइप-सी खाच नसेल तर साध्या यूएसबीचा कन्व्हर्टर चालतो.

गढीवरचा_श्रोता

वरचा हिशेब बरोबर आहे, तरी टेबलावरच्या डॅकची बाजू मांडायला हवी असं वाटतं. रोज चार-पाच तास एडिटिंग करणाऱ्याला तो डोंगलपेक्षा वेगळ्या कारणांनी उपयोगी पडतो.

पहिलं कारण नॉब. खंजिरीची थाप अचानक कानावर आली तर हात नॉबवर जातो, माऊस शोधत बसावं लागत नाही. दुसरं, मागे लाइन आउट असतो, बहुतेक २ व्होल्टचा, त्यावर पॉवर्ड स्पीकर कायमचे जोडून ठेवता येतात. तिसरं, ६.३५ मिलिमीटरची मजबूत खाच. डोंगलची बारीक केबल टेबलावर रोज वाकून मुळाशी तुटते. वर्षाला एक डोंगल गेला तर तोही हिशेबात धरा. चौथं, पुढे २५० किंवा ३०० ओहमचा हेडफोन आला आणि त्यावर इक्वलायझरचा उणे ६ चा प्रीअँप आला, तर डीटी ९९० ला ११० डेसिबलसाठी ५ व्होल्ट लागतात. तिथं डोंगल थांबतो.

घेणाराला एवढंच सांगेन की चिपच्या नावाला पैसे देऊ नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला एकेएम या डॅक-चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना जळाला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी तीच मॉडेलं ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप घालून पुढे चालवली. फिओ के५ प्रो हे त्यातलंच. चिप बदलली, उपकरणाचं काम तेच राहिलं. किंमत ठरवणाऱ्या गोष्टी दुसऱ्या: आउटपुट इम्पीडन्स, ऐकू न येणारा तळाचा आवाज, लो-हाय गेनचं (अँप सिग्नल किती वाढवतो त्याचं) बटन, आणि कमी व्हॉल्यूमला दोन्ही कानांत सारखा आवाज.

शेवटची गोष्ट आल्याआल्या तपासा. साध्या पोटेंशिओमीटरच्या नॉबला सुरुवातीच्या पट्ट्यात डावं-उजवं जुळत नाही. मोनो आवाज लावून नॉब शून्यापासून हळूहळू वर न्या. आवाज एका बाजूला झुकत असेल तर गेन लोवर ठेवा आणि विंडोजचा व्हॉल्यूम कमी करून नॉब घड्याळाच्या १० ते २ च्या दरम्यान वापरा. २४ बिटमध्ये विंडोजचे २० डेसिबल कमी केल्यानं ऐकण्यात काही जात नाही.

बसवताना सोबतची केबलच वापरा. चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. डॅकचा दिवा लागतो पण विंडोजला तो दिसत नाही, आणि माल खराब समजून लोक परत पाठवतात. हब टाळा, लॅपटॉपच्या खाचेत थेट लावा. यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहेच, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर फक्त अॅसिओ पाहिजे असेल तरच टाका. साउंडच्या प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्डमध्ये २४ बिट ४८००० निवडा, कारण तुमच्या फाइली त्याच आहेत. १९२ निवडल्यानं विंडोज प्रत्येक आवाज उगाच रूपांतरित करत बसतं. टक-टक आवाज आले तर पॉवर ऑप्शन्समधला यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, रीपरचा बफर २५६ वरून ५१२ करा. ४८ किलोहर्ट्झला ५१२ म्हणजे ११ मिलिसेकंदांच्या आत, एडिटिंगला जाणवत नाही.

तारजोड्या

गढीवाल्यांचं बरोबर, पण आपल्या विजेवर कोणता टेबल-डॅक टिकते तेही पाहायला पाहिजे.

यूएसबीवर चालणारा घेतला तर लॅपटॉपची बॅटरीच त्याचा यूपीएस. साधी यूएसबी २ ची खाच ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देते, म्हणजे अडीच वॅट. तुम्हाला २५ मिलिवॅट पाहिजेत. वेगळा अॅडॉप्टरवाला घेतला तर लाइन जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात डॅक बंद पडून परत सुरू होऊ शकते, विंडोजची यादी बदलते आणि रीपर अडकते. दिवसातून पाच वेळा असं झालं तर काम होत नाही.

अॅडॉप्टरवालाच पाहिजे असेल तर त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला स्विचिंग अॅडॉप्टर पाहा. तो १८० ला अन् स्क्वेअर वेव्हलाही काम करते. जड, ट्रान्सफॉर्मरवाला अॅडॉप्टर टाळा. त्याचं आउटपुट लाइनबरोबर खालीवर होते. संध्याकाळी कमी पडते, मध्यरात्री डीपीवरचा लोड उतरला की तापते. स्क्वेअर वेव्हवर तो गुणगुणतेसुद्धा. बाहेर देशातून मागवलेला ११५ व्होल्टचा असेल तर आपल्या बोर्डात लावताक्षणीच जळेल.

कूलर आणि डॅक एका एक्स्टेंशन बोर्डावर नकोत. कूलरची मोटर बंद-चालू होताना ठिणगी पडते आणि यूएसबी तुटते. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागलं की प्लग काढून ठेवा, बटन बंद करून भागत नाही. ब्रॉडबँडची तार अन् डिशची तार लॅपटॉपपर्यंत येत असेल तर तीही काढा, करंट तिकडूनही येते.

वाडसा_साउंड

मिक्सरच्या घूंवर थोडं. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या मांडवात हा रोजचा प्रश्न असतो, जनरेटर आणि लाइन दोन्ही असतात. क्रम असा ठेवावा: लॅपटॉप, मिक्सर आणि अँप तिघांची वीज एकाच बोर्डातून, एकाच अर्थवर. तेवढ्यानं बहुतेक वेळा घूं बसते. नाही बसली तर कार्यक्रमाच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर. तेही शक्य नसेल तर ट्रान्सफॉर्मरवाला स्टिरिओ डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरचं ग्राउंड वेगळं ठेवून सिग्नल पोचवणारा डबा), त्यातून एक्सएलआर केबल मिक्सरच्या माइक खाचेत. डीआयचा ग्राउंड लिफ्ट सिग्नलच्या जाळीचा असतो, विजेच्या अर्थला तो हात लावत नाही, म्हणून सुरक्षित. दोन-तीनशेचे ग्राउंड लूप आयसोलेटर घूं घालवतात, पण आतला ट्रान्सफॉर्मर चिमुकला असल्यामुळे ढोलकीचा खर्ज खातात.

आणि भाऊ, तुम्ही रेकॉर्डिंग करणारे आहात. चौदा हजार खरंच बाजूला काढले असतील तर नुसता डॅक घेण्याआधी दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस बघा. त्यात डॅक असतोच, हेडफोनची खाच आणि नॉब असतो, मिक्सरला जायला बॅलन्स्ड आउटपुट असतात, वर दोन माइक लावून खंजिरी आणि गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतात. स्वस्त इंटरफेसचा हेडफोन अँप २५० ओहमला दमतो, तुमच्या ८० ला पुरतो. घेताना फॅन्टम ४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) आणि दोन्ही खाचा माइकच्या आहेत ना ते बघा. काहींत दुसरी फक्त गिटारची असते.

गढीवरचा_श्रोता

इंटरफेसची सूचना माझ्या टेबल-डॅकपेक्षा चांगली आहे, या कामासाठी मी मागे घेतो. नुसतं ऐकणाऱ्यासाठी माझं मत कायम.

खंजिरी_आर्वी

समजलं. पण "आवाज उघडतो" हे खरं की खोटं, ते घरी कसं ठरवायचं? मित्राकडे टेबल-डॅक आहे, दोन दिवसांसाठी मिळतो.

मोजमाप

ठरवता येतं, आणि मीटर तुमच्याकडे आलेलाच आहे. जो थोडा मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, हा माणसाच्या कानाचा धर्म. म्हणून आधी पातळी जुळवायची. दोन्ही उपकरणांवर १०० हर्ट्झचा टोन वाजवून, हेडफोनच्या जागी ८० ओहमच्या जवळचा रेझिस्टर (८२ मिळेल) लावून, एकाचा आकडा ०.५०० करा आणि दुसऱ्याचा ०.४९४ ते ०.५०६ च्या आत आणा. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो. मग नॉबला चिकटपट्टी लावा.

घरातल्या कोणाला तरी नाणं उडवून हेडफोनचा प्लग इकडे किंवा तिकडे लावायला सांगा. छाप एक, काटा दुसरं. तुम्ही पाठ करून बसायचं, लावणाऱ्यानं बोलायचं नाही, कागदावर लिहून ठेवायचं. दोन्हीकडे प्लग सारखाच वेळ घेऊन लावायचा, कारण खटक्याच्या आवाजावरूनही ओळखता येतं. एकच वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा, खंजिरीच्या चकत्या आणि पेटीचा सूर एकत्र असलेला. दहा फेऱ्या. दहापैकी नऊ बरोबर आले तर ते नुसत्या नशिबानं येण्याची शक्यता शंभरात एक. सात बरोबर आले तर काही सिद्ध होत नाही, नाणं फेकूनही शंभरातल्या सतरा वेळा सात किंवा जास्त येतात.

डोंगल विरुद्ध टेबल-डॅक अशीच चाचणी करा, लॅपटॉपचा जॅक त्यात नको. जॅक चिरचिरीवरून लगेच ओळखू येईल आणि उत्तर कळल्यासारखं वाटेल. आणि कूलर बंद असताना, पहाटे किंवा रात्री उशिरा करा. कूलर चालू असेल तर बंद पाठीच्या हेडफोनमध्येही खालचा घूंघाट आत येतो. ज्या खोलीत वर्षातले तीन-चार महिने कूलर चालतो, तिथं १०० आणि १२० डेसिबल सिग्नल-नॉइजच्या उपकरणांतला फरक ऐकण्याची जागाच उरत नाही. सीडीची १६ बिटची मर्यादाच ९६ डेसिबल आहे, आणि कॅसेट त्याच्याही खूप खाली.

बारीक इअरफोन वापरत असाल तर एक अपवाद सांगतो. १ व्होल्टला १२० डेसिबल देणारा इअरफोन आणि ५० मायक्रोव्होल्ट तळाचा आवाज असलेला अँप जुळला तर कानात ३४ डेसिबलची सुसू येते, शांत खोलीत ती स्पष्ट ऐकू येते. ५ मायक्रोव्होल्टच्या उपकरणावर ती १४ डेसिबलवर जाते, म्हणजे ऐकू येत नाही. तिथं चांगल्या डॅकचे पैसे वसूल होतात. तुमचा डीटी ७७० त्यापेक्षा १३ डेसिबल कमी संवेदनशील आहे.

खंजिरी_आर्वी

वायरमनभाऊ येऊन गेले. अर्थची सळई दीड फूट होती, जोड गंजलेला. नवा पाइप टाकला, कोळसा-मीठ भरलं, न्यूट्रल-अर्थ आता १.८ व्होल्ट. तिघांचीही वीज एकाच बोर्डातून घेतली तर मिक्सरची घूं जवळजवळ गेली. डोंगल मागवला आहे. मित्राचा डॅक शनिवारी येते, दहा फेऱ्या करून आकडे इथं टाकतो. ८५०० चा फिल्टर लावल्यावर खंजिरी टोचत नाही, पण गायकाचा "स" थोडा बोथट वाटते. काय करू?

मोजमाप

उणे ४ चं उणे २.५ करा आणि वारंवारता ८८०० वर न्या. त्यानंतरही बोथट वाटला तर फिल्टरला हात लावू नका, पॅड बघा. कानाची मखमली गादी दबून चपटी झाली की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि वरचा उठाव जागा बदलतो. नव्या पॅडची जोडी लावून मग पुन्हा ८५०० पासून सुरू करा.

तारजोड्या

पाइपावरच्या चेंबरला झाकण ठेवा, अन् आठवड्याची बादली मार्चपासूनच सुरू करा. मेमधी माती भेगाळल्यावर ओतलेलं पाणी भेगेतून सरळ खाली जाते, पाइपाजवळ थांबत नाही.